मगदूमबाईंचं गाळणं

दोन हजार सतरा साली मला सहासष्टावं लागलं होतं, आणि तोवर माझ्या उंबऱ्यात बसून माझ्याच घरचं पाणी कुणी फडक्यानं गाळून प्यायलं नव्हतं.

ते पहिल्यांदा मगदूमबाईंनी केलं.

बाई मिरजेकडच्या, जैनाच्या. त्या जूनमध्ये आमच्या शाळेवर बदलून आल्या. शाळा चौथीपर्यंत, खोल्या दोन, मास्तर एक आणि बाई एक. उंब्रजला खोली घेऊन राहायच्या, सकाळच्या एस्टीनं फाट्यावर उतरायच्या आणि तिथनं चढ चढून वाडीत यायच्या. हातात बारा महिने छत्री. पाऊस नसला तर उन्हासाठी, ऊन नसलं तर म्हशीसाठी. म्हशीला बाई लय भ्यायच्या. वाटेत म्हैस दिसली की छत्री उघडून आडवी धरायच्या. आमच्या म्हशी त्या फटदिशी उघडणाऱ्या छत्रीला बुजायच्या. मग बाई बांधाच्या ह्या अंगानं आणि म्हैस त्या अंगानं, एकमेकींकडं बघत बघत जायच्या.

दिवाळी झाली आणि बाईंच्या मागं पाहणीचं काम लागलं. वाडीत उंबरे किती, भिंती कशाच्या, छप्पर कसलं, चूल का गॅस, गुरं किती, माणसं किती, पाणी कुठलं. मास्तरांचे गुडघे धरलेले, म्हणून सगळी वाडी बाईंच्याच वाट्याला आली. शाळा सुटली की दोन-चार घरं करायच्या आणि दिवस असेतो परत फाट्यावर जायच्या.

आता आमच्याकडं वही घेऊन दारात बसणारा आणि घर केवढं, गुरं किती असं विचारणारा माणूस म्हणजे एकच. सोयरीक जमवणारा. आमच्या बापजाद्यांपासून हे प्रश्न पोरीकडचे पाहुणेच विचारत आलेत, आणि त्यांना काय सांगायचं ते प्रत्येक घरात ठरलेलं असतं. त्यामुळं बाईंनी तोंड उघडलं की समोरचा बाप्या आपोआप छाती पुढं काढायचा. माझ्या शेजारी दिनकर राहतो. त्यानं दिवाळीआधी विकलेली म्हैस पण लिहवली. 'परत घेणारच हाय की,' म्हणाला. एकानं पुण्यात असलेल्या भावाची मोटारसायकल आपल्या घरात उभी केली. वाडीत तरणी पोरं बिनलग्नाची होती, उगं खोटं नाही सांगत. कागदावर उणं लिहिलं गेलं तर कुठनं तरी पोरीवाल्यांच्या कानावर जाणार, अशी प्रत्येकाला धास्ती.

मी तर ह्यात सगळ्यांच्या पुढं. आमचा धाकटा संजय मिल्ट्रीत, तिशी गाठत आलेला, त्याचं बघायचं चाललं होतं.

बाई आल्या. छत्री दाराला टेकवली. ओसरीवर बसल्या. अनुसयानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, तांब्याभांडं आणून ठेवलं. बाईंनी पिशवीतनं एक पितळी वाटी काढली आणि एक जाड पांढरं फडकं काढलं. फडक्याची दुहेरी घडी भांड्यावर धरली आणि तांब्यातलं पाणी त्यातनं हळूहळू ओतलं.

माझं डोकं तडकलं.

"बाई, आमच्या घरात पाणी पिऊन अजून कोन मेलं न्हाई."

"तसं न्हवं ओ अण्णा," बाई म्हणाल्या. वाडीत मला सगळे आबा म्हणतात, पण बाई पहिल्या दिवसापासून अण्णा म्हणाल्या. त्यांच्याकडं तसंच म्हणतात. "मी माझ्या आईच्या हातचं पण गाळूनच पिते. पाण्यात बारीक जीव असतात. ते आपल्या पोटात जाऊन मरू नयेत, एवढंच."

पाणी प्यायल्या. मग फडकं उलटं केलं, गाळलेलंच थोडं पाणी त्यावर सोडून ते वाटीत निथळून घेतलं. "ही जिवाणी. जिथलं पाणी तिथं परत घालायची असती. विहीर कुठं आली?"

"विहीर कशाला? नळाचं पाणी हाय."

आता त्या नळाची गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्या वाडीच्या दोन आळ्या. खालच्या आळीला टाकीचं पाणी तासभर येतं, ते त्यांचंच त्यांना पुरत नाही. वरच्या आळीला, म्हणजे आम्हाला, पाइप टाकला, दारोदारी नळ उभे केले, पण पाण्याला वर चढायला जोर नाही. ज्या दिवशी पाणी सोडून बघितलं त्या दिवशी दोन तांबे पाणी आलं. त्याला नारळ फोडला, फोटो काढला, आणि पाणी माघारी गेलं ते गेलंच. तेव्हापासून माझ्या नळाला मी रेडकू बांधत होतो.

बाईंनी रेडकाकडं बघितलं. मग वाटीत बघितलं. वाटीत शेवाळाची बारीक तार तरंगत होती, आणि काहीतरी वळवळत पण होतं.

"नळाला शेवाळ धराय लागलं होय आता?" एवढंच म्हणाल्या, हसल्या नाहीत. वही काढून शाईच्या पेनानं लिहिलं. नळ आहे. मग अंबाड्यात खोवलेली शिसपेन्सिल काढली आणि त्याच ओळीच्या पुढं बारीक अक्षरात काहीतरी खरडलं.

"हे पेन्सिलीनं काय लिवलं?"

"ते माझं."

"तुमचं म्हंजे?"

"तुमी सांगितलं ते शाईनं. मी बघितलं ते पेन्सिलीनं. कागद घरधन्याच्या सांगण्यानं चालतो की ओ, सही तुमचीच लागती. पेन्सिलीचं काय, खोडली की गेली."

मी सही केली. मला सही येते, अंगठा लावत नाही. बाई उठल्या, एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन बाहेर पडल्या, आणि हंडे घेऊन निघालेल्या बायकांच्या मागोमाग पायऱ्यांच्या विहिरीवर गेल्या. ती विहीर पार खाली ओढ्याच्या काठाला आहे. वरनं वाटी उपडी करून चालत नाही म्हणे, जीव आपटतात. म्हणून बाई सगळ्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जायच्या, वाटी पाण्याला टेकवायच्या आणि हळूच कलती करायच्या. असं एकेका घराचं. वाडीतल्या बाप्यांनी तोंडानं कायपण सांगावं, बाई पाणी प्यायच्या आणि जिवाणी घेऊन ते पाणी जिथनं आलं तिथवर चालत जायच्या. कुणाशी वाद घातला नाही, कुणाला खोटं पाडलं नाही.

त्यांचं एक वाक्य होतं. पोरांना पण तेच, आम्हाला पण तेच. "नुसतं हाय म्हणू नका. कसं हाय ते सांगा." पोरगं म्हणालं, बाई, अभ्यास झालाय, की लगेच, "झालाय, पण कसा झालाय?" पोरं घरी येऊन आयांना तेच म्हणायला लागली. आई म्हणाली भाजी हाय, की पोरगं म्हणायचं, कशी हाय? दोन-तीन पोरांनी त्यापायी मार खाल्ला.

बाई कांदा खायच्या नाहीत, बटाटा खायच्या नाहीत, जमिनीखालचं कायच खायच्या नाहीत. दिवस मावळला की तोंडात घास नाही. माघात आमच्या देवाची जत्रा असते. जत्रेत जेवणाला उशीर होणार म्हणून अनुसयानं त्यांच्यापुरती बिनकांद्याची आमटी आधी करून दुपारीच वाढली. बाई जेवल्या, ताटात पाणी घालून ताट धुतलं आणि ते पाणी पण प्यायल्या. शीत एक ठेवलं नाही. अनुसया मला म्हणाली, "बघा, ताट कसं आरशावानी केलंय." मी म्हणालो, "चिंगूस असंल." अनुसया दुसऱ्या दिवसापासून बाईंसाठी ताक राखून ठेवायला लागली.

तोंडाच्या मात्र फटकळ. आमचे ग्रामसेवक भाऊसाहेब एकदा शाळेत येऊन म्हणाले, "बाई, पाहणी लवकर उरका, पाण्याच्या रकान्यात सगळीकडं 'आहे' टाका आन् मोकळ्या व्हा." बाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमी चहा पिणार काय?" ते म्हणाले, चालंल की. बाईंनी रिकामा कप पुढं ठेवला. "हाय, घ्या." भाऊसाहेब महिनाभर शाळेकडं फिरकले नाहीत.

नंतर एकदा बाईंनी पोरांकडनं शाळेच्या अंगणात सगळी वाडी रांगोळीनं काढून घेतली. उंबरे, देऊळ, गोठे, पार, वाटा. अर्ध्या अंगणात पोरांनी अख्खी वाडी काढायची, अर्ध्यात पोरींनी. आम्ही चार-पाच म्हातारे पारावर बसलेलो, उठून बघायला गेलो. पोरांनी क्रिकेटचं मैदान काढलं होतं देवळाएवढं. एस्टीचा फाटा काढला होता, मोबाईलला रेंज येते तो खडक काढला होता. पोरींनी पायऱ्यांची विहीर काढली होती, आणि विहिरीकडं जाणारी वाट अशी जाड काढली होती की रस्ता म्हणावा. पोरांच्या बाजूला ती वाटच नव्हती.

दिनकर म्हणाला, "पोरींनी रांगोळी लय नासली."

बाई म्हणाल्या, "ज्यानं त्यानं पायाखालचं काढलंय, दादा."

मी तिथनं उठून आलो. राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं.

फाल्गुनात अनुसया चार दिवस तिच्या माहेरी रहिमतपूरकडं गेली. भावाच्या घरी कार्य होतं. जाताना सगळं भरून गेली होती. पण तिसऱ्या दिवशी म्हशीनं बादली लवंडली आणि हंड्यात तळाला तांब्याभर पाणी उरलं. तेवढ्यात बाई दारात. कुठल्या तरी कागदावर माझी एक सही राहिली होती. उन्हातनं आलेली बाई, पाणी तर दिलंच पाहिजे. तोच शेवटचा तांब्या पुढं केला. बाईंनी गाळलं, प्यायल्या, वाटी भरली आणि हंड्यात डोकावल्या.

"चला अण्णा. मला जिवाणी घालायची हाय, तुमाला घागर आणायची हाय."

"मी? बाप्या माणूस घागर घेऊन जाऊ?"

"मग म्हशीला काय पाजणार? नळ?"

मी घागर पोत्यात घातली. पोतं खांद्यावर टाकलं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं वैरणीला निघालाय. बाईंनी ते बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

त्या वाटेनं मी किती वर्षांत गेलो नव्हतो ते मला आठवेना. माझं रान दुसऱ्या अंगाला. वाट उतरणीची, मधे मधे कातळ. बाई पुढं, मी मागं. एका ठिकाणी वाटेच्या कडेला कमरेएवढे पाच-सहा दगड उभे होते.

"हितं बायका दम खातात," बाई म्हणाल्या. "भरलेली घागर भुईवर ठेवली तर एकटीला परत डोक्यावर घेता येत न्हाई. ह्या उंचीच्या दगडावर ठेवली की घेता येती. जिचा तिचा दगड ठरलेला हाय. हा दिनकरदादांच्या घरचा. आन् हा अनुसयाक्कांचा."

त्या दगडाच्या माथ्याला वाटीएवढा खळगा होता. गुळगुळीत. घागरीच्या बुडानं पडलेला. मी हात फिरवला. माझ्या शेताचा बांध कुणी वीतभर सरकवला तर मी रातांधळा असतो तरी मला कळलं असतं. चाळीस-बेचाळीस वर्षं माझी बायको ह्या दगडावर पाणी टेकवत होती, आणि मला हा दगड माहीत नव्हता.

बाई तेव्हा एक शब्द बोलल्या असत्या तर मी तिथंच उलट फिरलो असतो. त्या खाली उतरल्या, वाटी पाण्याला लावली, कलती केली. मग वर येऊन मला घागर खांद्यावर घ्यायला हात दिला. येताना मी पाच वेळा थांबलो. पोतं काढून घागरीवर टाकलं होतं.

अनुसया परत आल्यावर मी तिला त्यातलं काही सांगितलं नाही.

उन्हाळा आला. तासगावच्या बाजूची एक सोयरीक जुळत आली. पोरगी शिकलेली, संजयला पसंत, त्यांना संजय पसंत. आता त्यांची माणसं घर बघायला येणार होती. निरोप्यानं आधीच सांगून ठेवलं, "बाकी काय न्हाई, पाण्याचं तेवढं ती माणसं बारीक बघणार. पोरीच्या आईनं जलमभर पाणी वाह्यलंय."

मी डोकं चालवलं. दारातल्या सिमेंटच्या कट्ट्यावर माझी काळी टाकी रिकामीच पडून होती, ती आदल्या दिवशी माळवदावर चढवली. तिला नळी जोडली, नळी भिंतीमागनं आणून नळाच्या बुडाला बसवली. रेडकू सोडून गोठ्यात घातलं, नळ राखेनं घासला. सकाळी उजाडल्यापासून अनुसया आणि दिनकरची मालन खालनं घागरी आणून टाकी भरत होत्या. टाकी भरली, मी नळ सोडून बघितला. पाणी धो धो आलं. खरं सांगतो, मला एवढा आनंद झाला की घटकाभर मलाच खरं वाटलं.

पाहुणे आले. पोरीचे वडील, आई, एक चुलता. मी नळ सोडून त्यांच्या पायांवर पाणी घातलं. पोहे झाले. तेवढ्यात मगदूमबाई आल्या. त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या बदलीचा कागद आला होता, माहेरच्या गावाजवळच्या शाळेवर. खूश होत्या. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत पाहणी वाचायची होती आणि मग वाडी सोडायची, ते सांगायला आल्या होत्या. पाहुणे बघून माघारी वळत होत्या, पण अनुसयानं बसवून घेतलं.

पोरीचे वडील म्हणाले, "तुमी हितं मास्तरीण काय? बरं झालं. तुमी सांगा, हितं पाण्याचं कसं हाय?"

मी बाईंच्या तोंडाकडं बघितलं. बाईंना खोटं बोलताना मी कधी बघितलं नव्हतं.

बाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला. "पाण्याचं घरच्या बाईला विचारावं की ओ. मी पावणीच हाय."

सगळ्यांनी अनुसयाकडं बघितलं. ती दाराच्या आड उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मग मान खाली घालून म्हणाली, "हाय की. दारात नळ हाय. काय कमी न्हाई."

बोलताना पदर मागं सरकला. डोक्यावर चुंबळ तशीच होती. सकाळपासनं घागरी वाहून वाहून ती काढायचंच विसरली होती. ओली चुंबळ, आणि तिच्यातनं पाणी कानामागनं मानेवर उतरत होतं.

पोरीची आई उठली. अनुसयाजवळ गेली, दोन्ही हातांनी चुंबळ उचलली आणि तिच्या हातात दिली.

"हे ऱ्हायलं बघा," म्हणाली.

पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. बाईंनी जिवाणीची वाटी घेतली. जाताना मला म्हणाल्या, "अण्णा, उद्या अकराला या." त्या रात्री अनुसया त्यावर बोलली असती तर मी भांडलो असतो, आणि भांडून मोकळा झालो असतो.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात ग्रामसभा भरली. बाप्ये पुढं, बायका मागं खांबाला टेकून. भाऊसाहेब वाचत होते. "वरची आळी. नळजोडणी. सगळी घरं, पूर्ण. कुणाची हरकत? न्हाई. पुढं."

बाई उठल्या. "शाईनं लिहिलेलं वाचून झालं. पेन्सिलीनं लिहिलेलं वाचू का?"

"पेन्सिलीला सही न्हाई, बाई," भाऊसाहेब म्हणाले. "आन् उगा घोळ घालू नका. घरमालकांनी सह्या केल्यात. कागदावर वाडीत नळ हाय म्हटल्यावर परत नळ मागता येत न्हाई. आज हा कागद गेला की पुढची पाहणी हुईस्तवर विषय संपला."

"म्हणून तर विचारतेय," बाई म्हणाल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. कुणाकडं बघितलं नाही. माझ्याकडं पण नाही. पेन्सिल हातात होती. मला वाटलं, उद्या ही बाई आपल्या गावाकडं जाणार, हिला काय पडलंय? ही कशाला अडून उभी हाय?

मी उठलो.

"माझ्या घराचं पेन्सिलीचं वाचा."

बाईंनी वाचलं. "नळ आहे, पाणी नाही. पाणी पायऱ्यांच्या विहिरीचं. घरातली बाई आणते. दिवसाला आठ खेपा. वय बासष्ट. गुडघे सुजतात."

दिनकरनं माझं धोतर ओढलं. "आबा, बसा खाली! पोराची सोयरीक हाय. पंचक्रोशीत बोभाटा हुईल."

"हुदे. येणारी पोरगी पण त्याच दगडावर घागर टेकवणार हाय का न्हाई? मग तिच्या बापाला कवा सांगू, वरात आल्यावर?" मी भाऊसाहेबांकडं वळलो. "माझं शाईनं लिवा. मी सही करतो."

मग मागनं मालनचा आवाज आला, दिनकरच्या बायकोचा. "आमचं पण लिवा! आन् म्हस एकच हाय, दोन न्हाईत!"

सगळं देऊळ हसलं. दिनकर पण हसला, दुसरं काय करणार? मग एकेक बाप्या उठायला लागला. बाई देवळाच्या पायरीवर बसल्या आणि पेन्सिलीच्या अक्षरावर शाई फिरवत गेल्या. प्रत्येकाला विचारायच्या, "फिरवू?" तो हो म्हणाला की फिरवायच्या.

पुढचं आधीच सांगून टाकतो. सोयरीक मोडली. पोरीकडनं निरोप आला की पोरीला पाण्याचा त्रास नको. संजय दोन महिने फोनवर फक्त आईशी बोलला. मी पण अनुसयाला 'फोन दे हिकडं' म्हणालो नाही, मी बाप आहे त्याचा. वरच्या आळीला पाणी यायला पुढं दोन वर्षं गेली. आता दिवसाआड येतं, बारीक येतं, पण येतं. मग संजयचं लग्न झालं, दुसऱ्या गावच्या पोरीशी. सून चांगली आहे. तिला ती वाट माहीत नाही.

ग्रामसभा उरकून बाई आमच्याकडं आल्या. अनुसयानं ताक दिलं आणि पाणी दिलं. बाईंनी नेहमीसारखं गाळलं. मी म्हणालो, "बाई, आज एक दीस तसंच प्या. एस्टी चुकंल." म्हणाल्या, "एस्टी दुसरी मिळती." पण ती एस्टी चुकली असती तर उंब्रजला पोचेतो दिवस बुडाला असता आणि त्या उपाशी राहिल्या असत्या, हे अनुसयाला माहीत होतं. तिनं बाईंची पिशवी उचलून माझ्या हातात दिली. बाईंनी मात्र पिशवी माझ्याकडनं घेतली आणि तिच्या जागी वाटी ठेवली.

"अण्णा, एवढी जिवाणी घालून या. वरनं टाकू नका. पाण्यापर्यंत उतरा."

"वाटी?"

"ऱ्हाऊ दे तुमच्यात."

मी वाटी धरून उभा राहिलो. सांडायची भीती, म्हणून फाट्यापर्यंत पोचवायला पण जाता आलं नाही. ओसरीवरनं बघत होतो. बाई उताराला लागल्या. वाटेत दिनकरची म्हैस आली. छत्री उघडली. म्हैस बुजून बांधावर चढली, बाई दुसऱ्या अंगानं गेल्या. मग वळणावर लांबनं एवढंच दिसलं, उघडी काळी छत्री आणि तिच्या दांड्याला वाळायला बांधलेलं ते पांढरं गाळणं, वाऱ्यावर हलत होतं. परत गाठ पडली नाही. मी विहिरीवर गेलो, पाण्यापर्यंत उतरलो आणि वाटी कलती केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुसया उठायच्या आत मी खुंटीवरची चुंबळ घेतली, टोपीवर बसवली, घागर घेतली. पोतं घेतलं नाही. विहिरीवर बायका होत्या, त्या मी पाठ फिरवल्यावर हसल्या. हसू देत. येताना अनुसयाच्या दगडापाशी दम लागला. घागर त्यावर ठेवली, ती खळग्यात बरोबर बसली. वरनं दिनकर टमरेल घेऊन उतरत होता, मला बघून जागीच थांबला.

"आबा, हे काय वं? डोक्यावर चुंबळ?"

"नळाला पाणी न्हाई रं," मी म्हणालो. "हात दे जरा."